आधी वळण, मग ब्रेक

१

शाळेतली खिचडी वाटून आणि भांडी घासून तानुबाई राऊत धानोरा फाट्यावर आली, तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. काळीपिवळी जीप यायला अवकाश होता. फाट्याच्या परभणीकडच्या कोपऱ्यावर लिंबाखाली सिमेंटचं बाकडं आहे, त्यावर ती पिशवी ठेवून बसली. पावणेतीनच्या सुमारास जिंतूरकडून आलेली एक पांढरी गाडी डांबर सोडून डावीकडे घुसली आणि थेट त्या बाकड्यावर आदळली.

झरीपासून जवळच हा फाटा. सहायक पोलीस निरीक्षक सत्यशीला तळेकर साडेतीनला तिथे पोचली, तेव्हा तानुबाईच्या अंगावर कोणीतरी चादर टाकली होती. वीटभट्टीवरची माणसं दूर उभी होती. गाडीत कोणी नव्हतं.

हवालदार रामकिशन घुगे यांची नोकरी तीस वर्षांची. त्यांनी नंबर पाहिला आणि हळूच सांगितलं, की ही धानोऱ्याच्या बन्सीधर गरुडांची गाडी. धानोऱ्यात गरुडांची शंभर एकर बागायत आणि दोन शाळा. आबा म्हटलं, की पंचक्रोशीत दुसरं नाव घ्यावं लागत नाही.

सत्यशीलाने गाडीचं दार उघडलं तर दारूचा भपकारा आला. फुटलेली बाटली डाव्या सीटच्या पायाशी पडली होती. स्टीअरिंगमधली एअरबॅग फुटून लोंबत होती. गाडी जुन्या बनावटीची, त्यामुळे एअरबॅग तेवढी एकच होती, चालकापुढची. सत्यशीला उंचीने बेताची. हातमोजे घालून ती चालकाच्या सीटवर बसली. सीट न सरकवता पाय ब्रेकवर ठेवला, तो अगदी बरोबर बसला.

मग ती रस्त्यावर चाकांच्या खुणा बघत मागे मागे चालत गेली. गाडी आपल्या बाजूने नीट आली होती. धानोऱ्याकडे वळणारा रस्ता जवळपास ओलांडूनही झाला होता. तिथे एकाएकी चाकं डावीकडे फिरली होती. ब्रेकचे काळे पट्टे त्यानंतर सुरू झाले होते, बाकड्याच्या जेमतेम दहा पावलं आधी.

"घुगेकाका, हे मोजून घ्या. आधी वळण, मग ब्रेक. असंच लिहा," ती म्हणाली.

घुगे मोजत असतानाच ठाण्यातून फोन आला. गाडीचा ड्रायव्हर स्वतः चालत ठाण्यावर येऊन बसला होता, आणि म्हणत होता की बाई माझ्या हातून मेली.

२

परमेश्वर शेळके सत्तावीस वर्षांचा, सहा फूट उंचीचा, सडपातळ पोरगा. गरुडांच्या शेतातल्या दोन खोल्यांत बायकोसोबत राहायचा. बायको प्रियांका सात महिन्यांची गरोदर होती. तो सव्वाचारला ठाण्यात आला. घुग्यांनी वीस मिनिटांत त्याला यंत्रात फुंकायला लावलं तर आकडा आला छप्पन्न. कायद्याची मर्यादा तीस. नियमाप्रमाणे रक्त घ्यायला दवाखान्यात नेलं, तिथे साडेपाचला पुन्हा फुंकायला लावलं. आकडा आला एकशे आठ.

सत्यशीलाने त्याला समोर बसवलं. तिची पद्धत अशी, की समोरच्याला आधी सगळं बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. परमेश्वरने पाठ केल्यासारखं सांगितलं. आबांच्या कामाने जिंतूरला गेलो होतो. एकटाच होतो. ढाब्यावर दारू प्यालो. धानोऱ्याला वळायचं म्हणून गाडी वळवली, तेवढ्यात बाई पळत रस्त्यावर आली. ब्रेक लागला नाही. घाबरून पळून गेलो.

"कोणत्या बाजूनं आली ती?"

"उजव्या, मॅडम. रस्ता वलांडायलती."

"सीटबेल्ट लावला होता?"

"हो."

तिने त्याला शर्ट काढायला लावला. छातीवर ओरखडाही नव्हता. शर्ट धुतलेला, घडीच्या रेषा अजून तशाच.

तिने एवढंच सांगितलं, की तानुबाईची पिशवी, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली बाकड्याच्या टोकाला जशीच्या तशी ठेवलेली सापडली. बाई बसलेली होती, पळत नव्हती. आणि दुपारी दोनला दारू प्यालेल्या माणसाचा आकडा साडेपाचला उतरायला हवा होता. त्याचा दुपटीने चढला, म्हणजे त्याने ठाण्यात येण्याच्या जरा आधी दारू प्याली. अपघात झाला तेव्हा तो शुद्धीत होता, आणि तिथे नव्हता.

परमेश्वरने मान खाली घातली.

"मॅडम, मी सांगितलं तेच खरं हाय. तेच लिवा."

"तुला काय देऊ केलंय त्यांनी?"

घुग्यांनी गावात एक फेरी मारली तेव्हा उत्तर आपोआप मिळालं. प्रियांकाला आबांच्या शाळेत शिपायाची ऑर्डर त्याच संध्याकाळी मिळाली होती. भरतीची जाहिरात निघाली नव्हती की मुलाखती झाल्या नव्हत्या.

ती ऑर्डर हातात घेऊन प्रियांका दारात रडत बसली होती, असं घुगे म्हणाले.

३

बुधवारी सकाळी सत्यशीला तानुबाईच्या घरी गेली. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. मुलगा आणि सून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले, ते रात्रभर गाडीत बसून येत होते. घरी मुलगी होती, सृष्टी. वीस वर्षांची, परभणीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. डोळे कोरडे होते. तिने एकच प्रश्न विचारला, की आई जागच्या जागी गेली का थोडा वेळ होती. सत्यशीलाला ते ठाऊक नव्हतं. तिने तसं सांगितलं.

शेजारची गोजरबाई तिथेच बसली होती. तिची शेरडं फाट्यामागच्या ओढ्यात चरत असतात. काल आवाज ऐकून पहिली तीच वर आली होती, पण पोलिसांपुढे बोलायला धजली नव्हती.

"म्या वर येऊन बगितलं तं एक बाई तानूला पाणी पाजायलती," ती म्हणाली. "मांडीवर डोकं घेतलं व्हतं तिनं."

"कोण बाई?"

"पाठमोरी व्हती. लगनातल्यावानी साडी व्हती, हिरवी. मी भट्टीवरच्या मानसायला बलवाया पळाले. परत आले तं कोनीच न्हाई."

"पुरुष माणूस दिसला का?"

"गाडीच्या पल्याड कोनीतरी वकायलतं. आवाज आला. दिसलं न्हाई."

म्हणजे गाडीत निदान दोन माणसं होती. त्यांत एक बाई होती, आणि एक जण दारूने झिंगलेला.

पुढची माहिती फोनवर मिळाली. मंगळवारी चारठाण्याला गरुडांच्या नात्यात साखरपुडा होता. यजमानांनी सांगितलं, की आबांचा मुलगा राम आणि सून राजेश्री जेवून दीडच्या सुमारास निघाले. राम सकाळपासून प्यालेला होता, नवरदेवाच्या मामाशी त्याची बाचाबाचीही झाली. निघताना गाडीची किल्ली त्याच्याच बोटात फिरत होती. परमेश्वर ड्रायव्हर? तो आलाच नव्हता. सुनेने साडी कोणती नेसली होती, हे यजमानांच्या बायकोने न विचारता सांगितलं. हिरवी पैठणी.

"राम गरुड," घुगे गाडीत बसता बसता म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी यानंच रसवंतीच्या टपरीत गाडी घातली होती. तेव्हा आबांनी मिटवलं. गावात कालपासून त्याचंच नाव घ्यायलेत लोक."

धानोऱ्यात आबांनी त्यांना बैठकीत बसवलं. वय बासष्ट, पांढरं स्वच्छ धोतर, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी चहा मागवला, तानुबाईबद्दल हळहळ व्यक्त केली. राम आणि सूनबाई एका पाहुण्याच्या गाडीतून परत आले, असं सांगितलं. पाहुण्याचं नाव विचारल्यावर ते म्हणाले, की आठवून सांगतो. राम आतून आला. पस्तिशीचा, अंगाने भरलेला, डोळे तांबारलेले. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज होतं.

"हाताला काय झालं?"

"कढईतलं तेल उडालं," आबाच बोलले.

राजेश्री पाण्याचा तांब्या घेऊन आली. लहान चणीची, तिशीची बाई. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. तांब्या तिने उजव्या हाताने खाली ठेवला. डावा हात पदराबाहेर आला नाही. सत्यशीलाने तिला साखरपुडा कसा झाला म्हणून विचारलं. तिने आबांकडे पाहिलं आणि चांगला झाला म्हणाली.

निघताना सत्यशीला रामसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की चला, ते तेल कसं भाजलंय ते डॉक्टरांना बघू दे.

४

तपासणीला तास लागला. तेवढ्यात आबांचे फोन कुठे कुठे फिरले आणि वरून दोनदा विचारणा झाली, की माणसाने गुन्हा कबूल केला असताना हा खटाटोप कशासाठी. सत्यशीलाने दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं. कबुली देणाऱ्याचे पाय त्या सीटमध्ये मावत नाहीत.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सांगितलं, की हातावरची जखम तेलाची नाही. उजव्या हाताच्या आतल्या बाजूने, मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत, कातडी घासून निघाली आहे आणि भाजलीही आहे. जखमेत एअरबॅगमधली पांढरी भुकटी अडकलेली आहे.

घुग्यांनी सुस्कारा सोडला. "झालं मॅडम. एअरबॅग फक्त ड्रायव्हरपुढं. रामच गाडी चालवत होता."

सीट सोडली, तर सगळं जुळत होतं. प्यालेला तो, किल्ली त्याच्या हातात, जखम त्याच्या अंगावर, आणि वाचवायला धडपडणारा बाप. सत्यशीलाने अटकेचे कागद काढायला सांगितले. घुगे लिहायला बसले.

डॉक्टर अजून उभेच होते.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "त्याच्या छातीवर सीटबेल्टचा वळ आहे. ताजा, गडद. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला आलाय."

घुग्यांचं पेन थांबलं.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला येतो. डाव्या खांद्यावर पट्टा येतो तो शेजारी बसलेल्या माणसाच्या.

"हा माणूस डाव्या सीटवर बसला होता," सत्यशीला सावकाश म्हणाली. "हा गाडी चालवत नव्हता."

५

त्यांना राजेश्रीला बोलवावं लागलं नाही. गुरुवारी सकाळी दहाला आबाच तिला घेऊन ठाण्यात आले. सोबत परभणीचे एक नावाजलेले वकील होते.

रामच अडकतोय हे दिसल्यावर आबांनी रात्रीत सगळा हिशेब नव्याने मांडला होता. ते शांतपणे बोलले. आपलं चुकलं, घरची लक्ष्मी पोलिसांच्या दारात जाऊ नये म्हणून आपण परमेश्वरला पुढे केलं. खरं असं, की गाडी सूनबाई चालवत होती. राम शेजारी झोपलेला होता. सूनबाईने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तिच्याकडे लायसन आहे. फाट्यावर वळताना अंदाज चुकला.

वकिलांनी पुढचं सांगितलं. दारूचा प्रश्नच उरत नाही. हा निव्वळ निष्काळजीपणा, त्याला शिक्षा कमी, जामीन लगेच. लहान मूल असलेली बाई आहे, कोर्ट विचार करेल.

सत्यशीलाने राजेश्रीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेला बसली होती.

"मीच चालवत होते," राजेश्री म्हणाली. "माझाच अंदाज चुकला."

महिला पोलीस रेणुकाने तिला आत नेऊन तपासलं. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत पट्ट्याचा वळ होता. ती खरं बोलत होती. चालकाच्या सीटवर तीच होती.

घुगे व्हरांड्यात येऊन सत्यशीलाजवळ उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. एक बाई मेली, एक माणूस दारू पिऊन त्या गाडीत होता, आणि कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरत होती ती एकटी शुद्धीतली सून. आबांनी दोन दिवस जे लपवलं, तेच आज त्यांच्या उपयोगी पडत होतं.

"सगळ्यांचे जबाब बसले, मॅडम," ते म्हणाले. "आता काय उरलं?"

"एक हात उरलाय," सत्यशीला म्हणाली. "झोपलेल्या माणसाचा उजवा हात."

६

तिने आबांना आणि वकिलांना बाहेरच बसवलं. आत राजेश्री, रेणुका आणि लिहायला घुगे. दार लावलं.

सत्यशीला म्हणाली, की तुम्ही चालवत होतात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी त्या सीटवर बसले होते. माझी उंची तुमच्याएवढीच. पाय बरोबर ब्रेकवर गेले. परमेश्वरचे गुडघे तिथे मावले नसते, रामचंही पोट स्टीअरिंगला टेकलं असतं. पण तुमचा अंदाज चुकला, हे मला पटत नाही.

"ज्याला फाट्यावर वळायचं असतं तो काय करतो? आधी ब्रेक लावतो, मग वळतो. तुमची गाडी फाटा ओलांडून पुढं गेली होती. म्हणजे तुम्हाला धानोऱ्याला जायचंच नव्हतं. तुम्ही सरळ परभणीला चालला होतात. मग एकाएकी स्टीअरिंग डावीकडं फिरलं, आणि ब्रेक त्याच्यानंतर लागला. आधी वळण, मग ब्रेक. वळवणारा माणूस वेगळा होता आणि ब्रेक लावणारा वेगळा."

राजेश्री टेबलाकडे बघत होती.

"डावा हात दाखवा."

तिने पदरातून हात काढला. अंगठा सुजून काळानिळा झाला होता.

"स्टीअरिंग हातातून हिसकलं, की आतला दांडा अंगठ्यावर बसतो," सत्यशीला म्हणाली. "आणि एअरबॅग तुमच्यापुढं फुटली, पण तिनं हात भाजला रामचा. उजवा हात, आतल्या बाजूनं. डाव्या सीटवर पट्टा लावून झोपलेल्या माणसाचा हात तिथं कसा पोचला? गाडी आदळली तेव्हा तो हात स्टीअरिंगवर होता."

राजेश्रीने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही.

चारठाण्याहून निघताना तिनेच रामच्या हातून किल्ली काढून घेतली होती. त्याला डाव्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. तो लावायचा नाही, दरवेळी तीच लावायची. तिने पंधरा दिवसांपूर्वी परभणीच्या व्यसनमुक्ती केंद्रात बोलून ठेवलं होतं. घरात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आबांना ते नाव चालायचं नाही. घराण्याची अब्रू जाते म्हणायचे. त्या दिवशी राम झोपलाय, गाडी आपल्या हातात आहे, हीच वेळ, असं तिला वाटलं. फाटा आला तेव्हा त्याला जाग आली. गाडी वळेना म्हणून त्याने विचारलं. तिने खरं ते सांगितलं.

"ते म्हणाले, घरी चल. मी म्हणलं, नाही. त्यांनी हात घातला आणि स्टीअरिंग ओढलं. मी दोन्ही हातांनी धरलं होतं. माझ्यानं आवरलं नाही."

पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं. गाडी थांबल्यावर ती उतरली, तानुबाईजवळ बसली. आबांना फोन केला, तो गाडी पाठवा म्हणून, बाईला दवाखान्यात न्यायचंय म्हणून. आबा दहा मिनिटांत आले. त्यांनी रामला उचलून आपल्या जीपमध्ये घातलं, आणि तिला हाताला धरून ओढलं. तोवर तानुबाईचा श्वास थांबला होता. घरी आल्यावर ते म्हणाले, की गाडी तुझ्या हातात होती, कायदा स्टीअरिंगवरच्या माणसाला धरतो, रामने हात घातला हे तुझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. आम्ही तुला वाचवायलोत. काल रात्री सूर बदलला. आता तूच कबूल कर, नाहीतर लेकीचं तोंड दिसणार नाही. तिची मुलगी चार वर्षांची.

"मॅडम, मी त्यांना सांगायला नको होतं, कुठं चाललोय ते," ती म्हणाली. "गप बसले असते तर ती बाई आज असती."

"दारू तुम्ही पाजली नव्हती. हात तुम्ही घातला नव्हता," सत्यशीला म्हणाली. "नवऱ्याला उपचाराला नेणं हा गुन्हा नाही. पण दोन दिवस तुम्ही खोट्याला साथ दिली, ते मी लिहिणार. ते माझ्यानं लपवता येणार नाही."

राजेश्रीने मान हलवली. "लिहा," ती म्हणाली.

मग रामला आणलं. चौकशीसाठी त्याला काल रात्रीपासून ठाण्यातच ठेवलं होतं आणि दारूवाचून त्याचे हात थरथरत होते. सत्यशीलाने त्याला बायकोचा जबाब वाचून दाखवला नाही. फक्त दोन वळ, एक अंगठा आणि त्याचा हात, एवढंच समजावून सांगितलं. तो आधी मला आठवत नाही म्हणाला. नंतर म्हणाला, की तिथं नेऊन आपल्याला कोंडून टाकतील असं वाटलं. मग तो बँडेजकडे बघत राहिला.

"ती बाई कोन व्हती?" त्याने विचारलं.

गेल्या तीन दिवसांत गरुडांच्या घरातल्या माणसाने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. घुग्यांनी त्याला नाव सांगितलं. ती शाळेत खिचडी शिजवायची हे सांगितलं, आणि ती शाळा त्याच्या वडिलांचीच, हेही सांगितलं.

७

संध्याकाळपर्यंत कागद झाले. दारूच्या नशेत चालत्या गाडीच्या स्टीअरिंगला हात घातला तर माणसं मरू शकतात, हे ज्याला कळायला हवं होतं त्याच्यावर, म्हणजे राम गरुडवर, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. आबांवर आणि परमेश्वरवर खोटा पुरावा उभा केल्याचा. परमेश्वरने जबाब बदलला, तेव्हा त्याला पहिल्यांदा रडू आलं. तो म्हणाला, की आबांनी दारूची बाटली समोर ठेवली आणि एका दमात पी म्हणाले. माळकरी माणसाच्या हातून दारू घेताना लय लाज वाटली.

वकिलांनी बाहेर जाताना सत्यशीलाला सुनावलं, की स्टीअरिंगवर नसलेल्या माणसाला चालक ठरवणं कोर्टात टिकणार नाही. ती म्हणाली, की मी त्याला चालक ठरवलेलं नाही, मारणारा ठरवलंय. बाकी कोर्ट बघेल.

आबा व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. त्यांना आत बोलावलं तेव्हा ते उठले आणि सवयीने सगळ्यांनी वाट द्यावी म्हणून क्षणभर थांबले. कोणी हललं नाही. मग ते बाजूने आत गेले.

राजेश्रीचा जबाब दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे झाला. तिचा भाऊ मानवतहून येऊन लेकीला आणि तिला घेऊन जाणार होता. निघण्याआधी तिने सत्यशीलाला विचारलं, की मला तानुबाईंच्या घरी जाता येईल का. सत्यशीला म्हणाली, की ते त्या लोकांवर आहे. आधी फोन करते. सृष्टीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि या म्हणाली.

घरात माणसं भरलेली होती. ऊसतोडीवरून आलेला मुलगा भिंतीला टेकून बसला होता. राजेश्री दारात उभी राहिली तशी कुजबुज थांबली. तानूला पाणी पाजणारी ती हीच, हे गोजरबाईच्या ध्यानात आलं आणि तिने पदर तोंडाला लावला. आत या असं कोणी म्हणालं नाही.

"तुमी दोन दिवस गप बसलात," सृष्टी म्हणाली. "आमी त्या ड्रायव्हरला शिव्या देत होतो."

"हो," राजेश्री म्हणाली.

"आता काय सांगायचंय?"

"तुमची आई जागच्या जागी गेली नाही. दहा मिनिटं होती. मी जवळ होते. त्यांनी पाणी मागितलं, मी पाजलं." ती थांबली. "मग त्यांनी विचारलं, गाडीत लेकरू हाय का. मी नाही म्हणलं. बरं झालं म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत."

तानुबाईच्या मुलाने तोंड फिरवलं. सृष्टी तशीच उभी राहिली. तीन दिवस कोरडे राहिलेले डोळे आता भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत.

"हे कोर्टात सांगाल?" तिने विचारलं. "सगळ्यांच्या म्होरं? तुमच्या सासऱ्याच्या म्होरं?"

"सांगेन."

सृष्टी दारातून बाजूला सरली आणि खाली अंथरलेल्या सतरंजीकडे हात केला.

"बसा," ती म्हणाली. "पुन्यांदा सांगा. पहिल्यापासून."